आधी तुम्ही बसून दाखवा

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी वस्ती मशीनकाका म्हणायची. खांद्याला कातडी पिशवी, पिशवीत पेचकस, तेलाची चोचवाली कुपी, जुन्या कापडाच्या चिंध्या आणि कुठल्या मशीनचे कोण जाणे, पण टाकवत नाहीत म्हणून जपलेले स्क्रू. दार उघडलं की काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मशीन कुठंय?" आणि दुसरं त्याहून ठरलेलं, "आधी तुम्ही बसा. बसून चालवून दाखवा."

बायका वैतागायच्या. "अहो काका, मी कशाला बसू? दोरा तुटतो म्हणून तर तुम्हाला बोलावलं!" पण काका हटायचे नाहीत. बाई मशीनवर बसणार, आपल्या नेहमीच्या पद्धतीनं कापड सरकवणार, काका शेजारी उकिडवे बसून बघणार. निम्म्या वेळा मशीनमध्ये काही बिघडलेलंच नसायचं. बाई कापड मागून ओढायची, नाहीतर पायाचा दाब एकसारखा नसायचा. काका म्हणायचे, "मशीन एकटं बिघडत नाही. बसणारा आणि मशीन मिळून बिघडतात." हे वाक्य त्यांनी इतक्या घरांत ऐकवलं होतं की त्यांच्या बायकोला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

बायको म्हणजे काकू. काकूंचा शिवणक्लास होता, नदीपलीकडच्या एका सभागृहात. मुली यायच्या, लग्न झालेल्या यायच्या, एक तर आपल्या सुनेला घेऊन यायची आणि सुनेपेक्षा वाईट शिवायची. काकूंची जीभ कात्रीसारखी होती. "हे काखेचं माप घेतलंस की पोत्याचं?" असं त्या सगळ्यांदेखत विचारायच्या आणि कुणाला राग यायचा नाही, कारण त्याच काकू संध्याकाळी थांबून तिची शिलाई उसवून द्यायच्या.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा परत आली, हात बराचसा आला. एक पाय तेवढा ताठ राहिला. त्याला घोट्यापासून पोटरीपर्यंत कडक प्लास्टिकचा पट्टा बसला आणि हातात काठी आली. बसची पायरी चढता येईना. टॅक्सीवाले त्यांना आत बसायला लागणारा वेळ पाहून तोंड वाकडं करायचे. एकानं तर हॉर्न वाजवला. माणूस दारात अडकलेला असताना हॉर्न! काकू घरी परत आल्या आणि म्हणाल्या, "संपलं. आता कुणाच्या तोंडाकडे बघत क्लासला जायचं नाही."

म्हणून काकांनी गाडी घेतली. आयुष्यभर सायकलवर फिरलेल्या माणसानं म्हातारपणी गाडी चालवायला शिकून, गाठीला होतं नव्हतं ते मोडून नवीकोरी गाडी घेतली. शोरूममध्ये बाकी लोक रंग बघत होते, काका दार किती उघडतं आणि सीट जमिनीपासून किती उंच आहे ते बघत होते. काकूंना बसवून, उठवून, परत बसवून त्यांनी गाडी पसंत केली. काकू पाय लांब करून बसल्या आणि म्हणाल्या, "हं. राणीसारखं वाटतंय." त्या एका वाक्यासाठी काकांनी ती गाडी घेतली, असं म्हटलं तरी चालेल.

आणि ती गाडी पुलावर बंद पडली.

ठोठो करत, धूर सोडत पडली असती तर एक वेळ समजलं असतं. चालता चालता दिवा विझावा तशी विझली. चढ, मधली रांग, मागून ट्रक. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक लावला तेव्हा काकूंनी डोळे मिटून घेतले. काकांनी आधी त्यांना हात देऊन खाली उतरवलं, कठड्याशी उभं केलं, मग बॉनेट उघडलं. बॅटरीची वायर जरा ढिली वाटली. ती आवळली, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू! काकांची छाती फुगली. "बघ, हात लावला नि चालू झाली." काकू काठी टेकत परत गाडीत बसल्या.

परत तसंच झालं, आणि पुन्हा एकदा झालं. प्रत्येक वेळी पूल, प्रत्येक वेळी काकू गाडीत. काका त्यांना उतरवायचे, वायर आवळायचे, गाडी सुरू व्हायची. शेवटी त्यांनी ती वायर चांगली ताणून मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधून टाकली. निळा दोरा, काकूंच्या डब्यातला. शिंप्याची गाठ, सुटायची नाही अशी.

त्या दिवशी घरी आल्यावर काकू रडल्या. "मी बसले की बंद पडते हो ती. तुम्ही एकटे जाता तेव्हा कधी पडली? मीच बसायला नको. माझाच पायगुण खोटा आहे."

"वेडी आहेस का?" काका ओरडलेच. "यंत्राला काय कळतंय कोण बसलंय ते!"

हे कोण बोललं? सगळ्या गावाला 'बसणारा आणि मशीन मिळून बिघडतात' म्हणून शिकवणारा माणूस बोलला. पण घरच्या माणसाचं ऐकायची पाळी आली की भल्याभल्यांचे कान बंद होतात, त्याला काका तरी काय करणार.

काकू त्यानंतर गाडीत बसल्या नाहीत. गाडी दारात, काकू खिडकीत. क्लास दुसरी एक बाई तात्पुरता सांभाळत होती. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी निरोप धाडला की वर्ष संपेपर्यंत वाट बघू, मग मात्र क्लास तिच्याच नावावर करावा लागेल. निरोप ऐकून काकूंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "करू देत." त्यांच्या त्या 'करू देत'नं काकांची झोप उडाली.

आता सुरू झाली काकांची वणवण.

सर्व्हिस सेंटरमध्ये थंडगार खोली, काचेची भिंत, कॉफीचं मशीन. मेकॅनिक गाडी घेऊन एकटाच चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "काका, गाडी मस्त आहे." कागदावर शिक्का: दोष आढळला नाही. काका म्हणायचे, "अरे, पुलावर ने." तो पुलावर नेऊन आणायचा. "मस्त आहे." तिसऱ्यांदा गेले तेव्हा गळ्यात टाय लावलेला तिथला अधिकारी बाहेर आला. त्याच्या तोंडात साखर आणि पोटात दगड. "काका, वय झालं की क्लचवरचा पाय नीट पडत नाही कधी कधी. माझ्या बाबांचंही तसंच होतं."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पायानं आयुष्यभर मशीनची पायपट्टी दाबून बघितली, त्या पायाला हा कालचा पोरगा शिकवणार! नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण काकांनी त्याच्या तोंडावर फेकली. तो टायवाला हसला आणि म्हणाला, "कॉफी घ्या ना."

हेल्पलाइनवर फोन केला तर एक गोड बाई म्हणाली की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, आणि मग पेटी वाजायला लागली. पेटी वाजून वाजून थांबली, फोन कट. पुन्हा लावला. पुन्हा महत्त्वाची आहे, पुन्हा पेटी. काकू आतून म्हणाल्या, "इतकी महत्त्वाची आहे तर उचलत का नाहीत मेले?"

शेवटी काकांनी ठरवलं, वकील गाठायचा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण शहाण्याची गाडी बंद पडली तर त्यानं कुठली पायरी चढावी, ते कुणी सांगत नाही.

पहिला वकील घरचाच, भाचेजावई. त्याच्याकडे जायचं म्हणजे आधी त्याच्या आईची तब्येत विचारायची, मग मुलांचे मार्क, मग विषय. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मामा, मी जमिनीची कामं करतो. गाडी ही जंगम वस्तू. स्थावर असती तर एका दिवसात नोटीस ठोकली असती."

"अरे, बंदच पडून आहे ती! आणखी किती स्थावर पाहिजे तुला?" काका म्हणाले. जावई पोट धरून हसला, पण कामाचं काही बोलला नाही.

दुसरा वकील कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा. त्यानं कागद न वाचताच 'मानसिक छळ' हे शब्द लिहायला घेतले. कुणाचा छळ, कशानं, हे नंतर भरू म्हणाला. तिसऱ्याचं ऑफिस मोठं. तिथं काकांना बराच वेळ बसवून ठेवलं, आणि आत गेल्यावर कळलं की त्याच मोटार कंपनीची कामं तो बघतो. "बाहेर तसं लिहून तरी ठेवा!" काका म्हणाले. चौथ्यानं फोनवरच सांगितलं, जिंकलो तर अर्धं माझं. अर्धी गाडी घेऊन हा काय करणार होता, स्टिअरिंग की चाकं? काका घरी येऊन चपला काढायचे त्या आवाजावरूनच काकूंना कळायचं, आज काय झालं ते.

"जाऊ दे ना," काकू म्हणायच्या. "विकून टाका."

"बंद पडणारी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारू?" काका तडकायचे. "बंद मशीन मी कधी गिऱ्हाइकाच्या घरात ठेवून आलोय?"

मग कुणीतरी ग्राहकांच्या मदतीसाठी चालणाऱ्या एका संस्थेचा पत्ता दिला. जुन्या इमारतीत वरचा मजला, लिफ्ट बंद, खोलीत कागदांचे ढीग आणि ढिगांमागे एक वकीलबाई. केस आखूड, आवाज मोठा. त्या फुकट सल्ला द्यायच्या, पण सल्ल्याबरोबर झाडायच्याही भरपूर.

"पावत्या?" त्यांनी हात पुढे केला. काकांनी दिल्या. "तक्रार लेखी केलीत? नाही? तोंडी केलीत! तोंडी तक्रार म्हणजे पाण्यावर काढलेली रेघ, काका. तुम्ही धंदेवाले लोक तोंडी कशी काय करता?"

"माझ्या धंद्यात शब्दाला किंमत आहे," काका म्हणाले.

"समोरच्याच्या धंद्यात नाही ना!" बाईंनी कागद पुढे ओढला. "बसा. पहिल्यापासून सांगा. आणि गाडीत बरोबर कोण होतं?"

"बायको."

"त्यांना घेऊन या."

"ती नाही येणार. आजारी असते. कशाला तिला त्रास?"

वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग त्यांचं म्हणणं लिहून, सही घेऊन आणा. त्यांच्या शब्दांत."

काकांनी घरी बसून ते लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी सदर वाहनातून प्रवास करीत असताना वाहन अचानक बंद पडल्याने मला तीव्र भीती वाटली.' काकूंनी वाचलं. "सदर म्हणजे काय? मी कधी सदर म्हणाले?" मग म्हणाल्या, "आणि यात ते लिहा ना, की मी बसले तरच बंद पडते."

"अगं, कोर्टात असलं लिहितात का? देवदेवस्की समजतील. हसतील आपल्याला."

काकूंनी सही केली. पेन खाली ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.

तक्रार ग्राहक न्यायालयात गेली. कंपनीचं उत्तर आलं, ते वाचायला वकीलबाईंनी काकांना बोलावलं. उत्तराला एक फोटो जोडला होता. फोटोत बॅटरी, बॅटरीची वायर, आणि वायरीवर निळ्या दोऱ्याची टुमदार गाठ.

"हे तुम्ही केलंत?" बाईंनी विचारलं.

"वायर ढिली होती. म्हणजे... ढिली वाटली."

"ते म्हणतायत, मालकानं परस्पर छेडछाड केली म्हणून गाडी बंद पडते. वॉरंटी रद्द." बाईंनी कागद टेबलावर आपटला. "चोराच्या उलट्या बोंबा, आणि बोंबलायला तोंड तुम्ही दिलंत! काका, दुखणं डॉक्टरला दाखवायच्या आधी कुणी घरी टाके घालतं का? आणि प्रत्येक वेळी गाडी स्वतः चालू करून, धुऊन पुसून त्यांच्या दारात नेलीत. बंद अवस्थेत त्यांनी ती एकदा तरी पाहिली आहे का?"

पाहिली नव्हती. काकांनीच पाहू दिली नव्हती. बंद वस्तू घेऊन दुसऱ्या कारागिराच्या दारात जायची लाज वाटते हो, त्या जातीचा माणूस. आता त्याच लाजेनं त्यांना गोत्यात आणलं होतं.

न्यायालयानं अभियांत्रिकी कॉलेजमधल्या एका प्राध्यापकाला गाडी तपासायला नेमलं. ते येतील तोवर गाडीला कुणी हात लावायचा नाही, विशेषतः मालकानं. गाडी दारात उभी राहिली. तिच्यावर धूळ बसली. धुळीत शेजारच्या पोरांनी बोटानं बदक काढलं. काका रोज तिच्याभोवती फेरी मारायचे, हात मागे बांधून. आत खिडकीत काकू, बाहेर फाटकाशी काका, मधे ती गाडी. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. वर्ष संपत आलं होतं आणि घरात क्लासचं नाव कुणी काढत नव्हतं.

प्राध्यापक आले ते सकाळच्या वेळी. शांत माणूस, विरळ दाढी, बोलणं कमी. बरोबर टायवाला, आणि वकीलबाई. मालकावर छेडछाडीचा आरोप असल्यामुळे मालकानं गाडीत बसायचं नाही, असं ठरलेलं. काका फाटकापाशी उभे राहिले, परक्या लग्नात उभं राहावं तसे.

गाडी पुलावर गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. एसी लावून गेली, न लावता गेली. प्राध्यापकांनी बॉनेट उघडलं, यंत्र जोडलं, आकडे पाहिले. गाडी अशी गुणी पोरीसारखी वागत होती की काकांना तिला लाथ घालावीशी वाटली. आता बंद पड ना, सटवे! आता का नाही पडत? माझी अब्रू गेली, आमचा पैसा गेला, तिचा क्लास चालला, आता तरी पड!

"चांगली आहे," प्राध्यापक म्हणाले आणि कागद काढला.

टायवाल्याचा चेहरा असा फुलला की बघवेना. "मी काकांना पहिल्यापासून सांगत होतो, सर."

वकीलबाई फाइल बंद करायला लागल्या होत्या, म्हणजे हरल्या होत्या. आत जाऊन काकूंना काय सांगायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तेवढ्यात मागे काठीचा आवाज झाला. काकू घराच्या पायऱ्या उतरून बाहेर आल्या होत्या. एकट्या. अंगावर क्लासला जायची साडी.

"मला बसवा," त्या प्राध्यापकांना म्हणाल्या.

"अगं, तू कशाला..." काका पुढे झाले.

"तुम्ही थांबा हो!" काकूंनी काठी आडवी धरली. मग प्राध्यापकांकडे वळल्या. "साहेब, तुम्ही शिकलेले आहात, हसायचं असेल तर हसा. मी बसले तरच ही गाडी बंद पडते. मी नसले की पडत नाही. हे मी पहिल्यापासून सांगतेय आणि कुणी ऐकत नाहीये. घरात ऐकलं नाही, कागदावर लिहिलं नाही, आणि तुम्हीही मघापासून एकटेच फेऱ्या मारताय."

प्राध्यापक हसले नाहीत. "पुढच्या सीटवर बसायचात?"

"हो. पाय लांब करून."

"मग तशाच बसा," म्हणून त्यांनी स्वतः दार उघडलं.

काकूंनी दाराची कड घट्ट धरली. काकांनी ते पाहिलं. आत बसताना त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. वकीलबाई आणि टायवाला मागे बसले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

आता ऐका, फाटकात उभ्या राहिलेल्या त्या माणसाचे काय हाल झाले ते. मघाशी गाडी परत यायला लागायचा तेवढा वेळ गेला. गाडी आली नाही. काकांना आनंद झाला, पडली वाटतं बंद! आणि त्याच श्वासात तो आनंद विरला. बंद पडली म्हणजे कुठे? पुलावर. कुणाला घेऊन? तिला घेऊन. आणि मागे ट्रक असेल तर? जितका उशीर तितकी केस मजबूत, आणि जितका उशीर तितका जीव टांगणीला. देवा, पडू दे. देवा, नको पडू दे. असं दोन्ही बाजूंनी मागणाऱ्याला देवानं तरी काय द्यावं! काकांना उभं राहवेना. ते पळत सुटले. पायात घरातल्या चपला, गळ्यात चष्म्याची दोरी, वाटेत लोक विचारतायत, काका, काय झालं, आणि काका हातानंच पुलाकडे दाखवत पळतायत.

पुलाच्या चढावर गाडी उभी होती. मेल्यासारखी. मागे हॉर्नचा गोंधळ. वकीलबाई रस्त्याच्या मधोमध उभं राहून गाड्यांना बाजूनं काढत होत्या आणि ट्रॅफिक पोलिसालाही शोभणार नाही अशा भाषेत बोलत होत्या. टायवाला कठड्याला टेकून फोनवर कुजबुजत होता. काका धापा टाकत आले आणि त्यांचा हात आपोआप बॉनेटकडे गेला.

"अहो! हात लावायचा नाही!" आतून आवाज आला.

काकू सीटवर बसलेल्या. रंग उडालेला, पण आवाज क्लासमधला. त्यांच्या पायापाशी, उघड्या दारातून वाकून, रस्त्यावर गुडघे टेकून प्राध्यापक बसले होते. दाराकडच्या कोपऱ्यातलं प्लास्टिकचं झाकण काढलेलं. आत वायरींचा जुडगा, आणि त्यात एक जोड, ज्याला खालून पकडून ठेवणारी पट्टी कारखान्यात बसवायची राहून गेली होती.

"पाय मागे घ्या," प्राध्यापक म्हणाले. काकूंनी दोन्ही हातांनी ताठ पाय उचलून मागे घेतला. प्राध्यापकांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू. "आता चढावर तोल सावरायला ठेवता तसा ठेवा." काकूंनी पाय लांब केला. पायाच्या पट्ट्याची कडक कड जोडावर टेकली. गाडी बंद. पुन्हा मागे, सुरू. पुन्हा पुढे, बंद. टायवाल्याला त्यांनी फोन ठेवायला लावून हे जवळ बोलावून दाखवलं, आणि त्याच्याकडून तिथंच कागदावर सही घेतली.

"म्हणजे माझ्यामुळेच ना?" काकूंनी हळूच विचारलं.

प्राध्यापक उठून उभे राहिले, गुडघे झटकले. "नाही हो. माणसानं पाय ठेवायची जागा आहे ती. तिथं पाय ठेवल्यावर गाडी बंद पडत असेल तर दोष पायाचा नाही. आणि यांची ती गाठ," त्यांनी काकांकडे पाहिलं, "तिचा याच्याशी काही संबंध नाही. बरी बांधलीय, पण उगीच."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. कितीतरी दिवस त्या स्वतःलाच अपशकुनी समजत होत्या, आणि शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या माणसानं ते ऐकून सोडून दिलं होतं. काका कठड्याला धरून उभे होते. त्यांना सगळं एकदम कळलं. वायर आवळल्यानं गाडी कधीच सुरू झाली नव्हती. ते आधी काकूंना उतरवायचे, म्हणून सुरू व्हायची. त्यांनी आपल्या हाताचं कौतुक केलं होतं, आणि दोष तिच्या पदरात पडला होता.

"हसण्यासारखं आहे बघा," काकू नाक पुसत म्हणाल्या. "कुठली कोण बाई, दोरा तुटतो म्हणून बोलावते. तिला तुम्ही म्हणता, आधी तुम्ही बसा, बसून दाखवा. तिला बसवल्याशिवाय स्क्रूला हात लावत नाही तुम्ही. आणि मला?"

काका कठडा सोडून पुढे आले. खाली नदी, मागे हॉर्न. "चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले. एवढंच म्हणाले, पण म्हणाले.

वकीलबाई रस्ता मोकळा करून आल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणाऱ्या माणसांवर त्या एक सबंध पुस्तक लिहिणार होत्या म्हणे, आणि त्यात पहिलं प्रकरण काकांचं. मग जरा मवाळ झाल्या. आता केस उभी राहिली, म्हणाल्या. पण तारखा पडतील, ते वर अपील करतील, गाडी बदलून कधी मिळेल ते विचारू नका. टायवाला म्हणाला की कंपनी ती पट्टी मोफत बसवून द्यायला तयार आहे. "मोफत!" वकीलबाई अशा काही हसल्या की तो परत फोनकडे वळला. गाडी ओढून न्यायला ट्रक बोलावला होता, तोही येईल तेव्हा येणार होता.

काकू गाडीतून उतरल्या, काठी सावरली आणि चालायला लागल्या.

"अगं, घर इकडे आहे," काका म्हणाले.

"माहीत आहे मला. क्लास तिकडे आहे." काकूंनी काठीनं पुलाचं पलीकडचं टोक दाखवलं. "आज व्यवस्थापक तिथं बसलेले असतात. माझा क्लास कुणाच्या नावावर करतात ते बघते."

"एवढं चालत? टॅक्सी बघतो ना मी. नाहीतर पाय दुखेल, मग रात्री..." आणि काका मधेच थांबले. तोंड मिटलं. दोन पावलं पुढे जाऊन काकूंच्या शेजारी आले, हात पुढे केला आणि तो तसाच हवेत ठेवून विचारलं, "कुठं धरू? हाताला की खांद्याला?"

आजारपणानंतर त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. इतके दिवस ते आपल्याला सोयीचं पडेल तिथं धरत आले होते.

"कोपराला धरा," काकू म्हणाल्या. "आणि ओढू नका. माझ्या चालीनं चला."